हरूनही पुरून उरलेला माणूस

ग्विनवोर एव्हान्स! हे नाव इतकी वर्षं आपल्या कानावर कसं आलं नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतंय. ब्रिटिश राजकारण म्हटलं की आपल्याकडे चर्चिल, ॲटली, थॅचर ही ठरलेली नावं. फार तर लंडनच्या पार्लमेंटातली हमरीतुमरी. आणि तिकडे वेल्सच्या एका खेड्यात टोमॅटो पिकवणारा एक माणूस, ज्याने आयुष्यात लढवलेल्या बहुतेक निवडणुका हरल्या, ज्याने कधी कुणावर हात उगारला नाही, त्याने वयाच्या ६८व्या वर्षी नुसत्या एका शब्दावर मार्गारेट थॅचरच्या सरकारला माघार घ्यायला लावली. कशासाठी? आपल्या भाषेला टीव्हीवर स्वतःची वाहिनी मिळावी म्हणून! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फेऱ्या मारल्या. तेव्हापासून जो भेटेल त्याला हीच गोष्ट सांगत सुटले आहे.

मी त्याच्यापर्यंत पोचले ती फुटबॉलच्या वाटेने. २०२२च्या विश्वचषकात वेल्सचा संघ ६४ वर्षांनी उतरला होता. त्यांच्या पाठीराख्यांनी एक जुनं वेल्श गाणं डोक्यावर घेतलं होतं. गायक दाविद इवान, वय ऐंशीच्या उंबरठ्यावर. मैदानाच्या कडेला उभा राहून तो गात होता आणि पुढची हजारो माणसं, तरणीताठी पोरं, डोळ्यांत पाणी आणून त्याच्याबरोबर गात होती. शब्द कळत नव्हते, पण अंगावर काटा आला. कोण हा म्हातारा, म्हणून शोधायला गेले, तर कळलं की हा प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रीय पक्षाचा अध्यक्षही होऊन गेला आहे. मग पक्षाचा इतिहास काढला. १९४५ ते १९८१ अशी तब्बल ३६ वर्षं या पक्षाचं अध्यक्षपद एकाच माणसाकडे होतं. तोच हा ग्विनवोर. त्यानंतर मी त्याचं चरित्र मिळवलं, जुन्या चित्रफिती पाहिल्या, मतमोजणीचे आकडे उतरवून काढले. जितकं वाचत गेले तितकी थक्क होत गेले.

सुरुवातच बघा. ग्विनवोरचा जन्म १ सप्टेंबर १९१२चा, दक्षिण वेल्समधल्या बॅरी या बंदरात. वेल्सच्या खाणींतला कोळसा इथून जगभर जायचा. १९१३ साली तर कोळशाच्या निर्यातीत बॅरी जगात पहिलं होतं. वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान, ते वाढत वाढत गावातलं मोठं दुकान झालं. आजोबा वेल्श चर्चचे धर्मोपदेशक, पण घरात मुलांशी बोलणं इंग्रजीतच. म्हणजे ज्या भाषेसाठी हा माणूस पुढे जीव द्यायला निघाला, ती त्याला लहानपणी येतही नव्हती! ऐन तारुण्यात त्याने ती शिकून घेतली, आणि अशी शिकला की पुढे वेल्सचा इतिहास त्याच भाषेत लिहिला. मला तर हे फार मोठं वाटतं. त्याने आपली भाषा जाणतेपणी निवडली होती, आणि एकदा निवडल्यावर तो तिला कधी अंतरला नाही.

ऍबरिस्टविथला कायद्याचं शिक्षण, मग ऑक्सफर्ड. तिथे गेल्यावर त्याने काय करावं? प्लाइड कम्रीची शाखा काढावी! पक्षाची स्थापना १९२५ची, कार्यकर्ते मूठभर, मतं नावापुरती. लंडनमध्ये वकिली करून सुखाने जगता आलं असतं. त्याऐवजी तो कारमार्थेनशायरमधल्या लंगाडोग गावी गेला आणि काचघरांत टोमॅटो लावू लागला. १९४१मध्ये रिॲननशी लग्न झालं. पुढे सात मुलं झाली. पक्षाकडून मिळकत नाही, भाजीपाल्याच्या धंद्यात फारसा नफा नाही, आणि रात्री-अपरात्री मोटार हाकत वेल्सभर सभा. हा संसार रिॲननने कसा ओढला असेल, याचा विचार मी वाचताना पुन्हा पुन्हा करत होते. ग्विनवोरच्या प्रत्येक पराभवाची अर्धी किंमत तिने मोजली आहे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा तिशीच्या आतला धडधाकट तरुण. शस्त्र हातात घेणार नाही, असं त्याने न्यायाधिकरणासमोर सांगितलं आणि त्याला बिनशर्त सूट मिळाली. युद्धाच्या धामधुमीत असं सांगायला केवढी छाती लागते! शेजारपाजारच्या घरांतली मुलं आघाडीवर जात होती. त्या दिवसांत चिकटलेला शांततावादाचा शिक्का पुढे त्याच्या विरोधकांनी प्रत्येक निवडणुकीत वापरला, पण तो आपल्या मताला चिकटून राहिला. इथे आपला एक धागा जुळतो. गांधीजींवर त्याची श्रद्धा होती. राष्ट्रवाद आणि अहिंसा हातात हात घालून चालू शकतात, हे त्याने १९७३ साली एका व्याख्यानात सविस्तर मांडलं. त्याच्या सगळ्या राजकारणाचा पाया हाच होता.

आणि आता त्रवेरिन. हा भाग वाचून मला रात्री झोप लागली नाही.

उत्तर वेल्समध्ये त्रवेरिन नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं लहानसं गाव होतं. मोजकी घरं, एक शाळा, एक पोस्ट, एक चॅपेल, एक दफनभूमी, भोवती शेतं. सगळं गाव वेल्श बोलणारं. १९५५च्या अखेरीस गावकऱ्यांना कळलं की इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं आहे, त्यासाठी धरण होणार आणि आपलं गाव बुडणार. लिव्हरपूलने वेल्समधल्या कुठल्याही स्थानिक संस्थेची परवानगी मागितली नाही. थेट लंडनच्या पार्लमेंटात खास विधेयक नेलं की प्रश्नच मिटला!

ग्विनवोर उठला. नोव्हेंबर १९५६मध्ये तो दोन सहकाऱ्यांना घेऊन लिव्हरपूलच्या महापालिकेत शिरला आणि सभा चालू असताना गावाच्या बाजूने बोलायला उभा राहिला. नगरसेवकांनी मेजं बडवली, आरडाओरडा केला, शेवटी पोलीस बोलावून त्यांना बाहेर काढलं. थोड्या दिवसांनी तो पुन्हा गेला, या वेळी अख्खं गाव बरोबर घेऊन! त्या मोर्चाची छायाचित्रं मी कितीतरी वेळ बघत बसले होते. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून गावकरी चालले आहेत. ठेवणीतले ओव्हरकोट, बायकांच्या डोक्यावर टोप्या, हातात फलक. पोरंसोरंही बरोबर आहेत. चेहरे रागावलेले नाहीत. चॅपेलला निघालेली माणसं दिसावीत तसे नीटनेटके आणि थोडे बावरलेले आहेत. एका फलकावर मागणी इतकीच, की तुमची घरं शाबूत आहेत, आमचीही राहू द्या. या वेळी ग्विनवोरला सभागृहात बोलू दिलं. ऐकून घेतलं आणि ठराव तसाच मंजूर केला.

१९५७मध्ये विधेयक पार्लमेंटात आलं. वेल्सचे खासदार ३६. त्यांतल्या एकानेही बाजूने मत दिलं नाही, तरी विधेयक पास झालं! हे वाक्य मी दोनदा वाचलं. एका देशाचा एकही लोकप्रतिनिधी बाजूने नाही, आणि तरीही त्या देशातलं गाव पाण्याखाली. ग्विनवोर वर्षानुवर्षं घसा कोरडा करून हेच सांगत होता, की वेल्सला स्वतःचं विधिमंडळ नसेल तर वेल्सची सगळी मतं एकत्र करूनही त्यांची किंमत शून्य. त्यासाठी पन्नासच्या दशकात स्वतंत्र वेल्श संसदेच्या मागणीची मोहीम निघाली होती, अडीच लाखांच्या घरात सह्या गोळा झाल्या होत्या. कुणी दाद दिली नव्हती. त्रवेरिनने त्या मागणीची गरज लोकांना समजावली.

याच काळात त्याची खरी कसोटी लागली. तरुण कार्यकर्ते पेटले होते. धरणाच्या जागेवर घातपाताचे प्रकार झाले, १९६३मध्ये तिथे स्फोट घडवला गेला, काही जण तुरुंगात गेले. आमचा अध्यक्ष फार मवाळ, सभ्यपणाने गाव वाचतं का, असं पक्षातलेच लोक उघड बोलू लागले. दुसरा कुणी असता तर टाळ्यांसाठी वाहवत गेला असता. ग्विनवोरने हिंसेला पाठिंबा दिला नाही तो नाहीच. १९५९ला मेरियनेथमध्ये, म्हणजे जिथे ते गाव बुडणार होतं त्याच मतदारसंघात, तो उभा राहिला आणि हरला. ऑक्टोबर १९६५मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. निदर्शकांच्या गर्दीने ध्वनिक्षेपकाच्या तारा तोडल्या आणि समारंभ काही मिनिटांत गुंडाळावा लागला. पण गाव गेलं ते गेलंच. आज तिथे केलिन नावाचं सरोवर आहे. २००५मध्ये लिव्हरपूल महापालिकेने रीतसर माफी मागितली. तोवर चाळीस वर्षं उलटली होती.

बुडालेलं गाव, पैशाची चणचण, कुरबुरणारा पक्ष, ओळीने पराभव. १९४५पासून पार्लमेंटची एकही निवडणूक जिंकलेला नाही. मार्च १९६६च्या निवडणुकीत कारमार्थेनमध्ये उभा राहिला आणि तिसरा आला. मतं ७,४१६. मेगन लॉइड जॉर्ज मजूर पक्षाकडून निवडून आल्या, माजी पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज यांची ही कन्या. योगायोग असा, की वेल्श संसदेच्या त्या सह्यांच्या मोहिमेचं नेतृत्व त्यांनीच केलं होतं. मे महिन्यात त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक लागली.

१४ जुलै १९६६! हा दिवस मी आता विसरणं शक्य नाही. साडेतीन महिन्यांपूर्वी ७,४१६ मतं पडलेल्या माणसाला १६,१७९ मतं पडली. मजूर पक्षाच्या उमेदवाराला १३,७४३. म्हणजे २,४३६चं मताधिक्य! प्लाइड कम्रीचा पहिलावहिला खासदार. स्थापनेनंतर ४१ वर्षांनी! मध्यरात्र उलटून गेल्यावर निकाल लागला, कारमार्थेनच्या चौकात माणसं मावत नव्हती. लोक रडत होते, गात होते. हे एकाएकी झालं नव्हतं. खाणी बंद पडत होत्या, कारमार्थेनहून ऍबरिस्टविथला जाणारी रेल्वे १९६५मध्ये बंद केली होती, शेतकरी नाराज होते, त्रवेरिनचा घाव ओला होता. आणि १९४९पासून जिल्हा परिषदेवर ठाण मांडून बसलेल्या या माणसाला तिथला प्रत्येक शेतकरी ओळखत होता. रस्ता, शाळा, नळ अशा कामांसाठी त्याने घातलेले हेलपाटे लोकांनी पाहिले होते. त्या रात्री वेल्सचं राजकारण बदललं, आणि सोळा महिन्यांनी स्कॉटलंडचंही. नोव्हेंबर १९६७मध्ये विनी युइंग यांनी हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकून स्कॉटिश नॅशनल पार्टीला लंडनमध्ये नेलं. तिथून आजपर्यंत ती गाडी थांबलेली नाही.

पार्लमेंटात हा एकटा. शपथ वेल्शमध्ये घेऊ द्या म्हणाला, नकार मिळाला. वेल्सच्याच मजूर खासदारांनी त्याला सर्वांत जास्त छळलं, बोलायला उभा राहिला की हुर्यो. मग त्याने एक शांत हत्यार उपसलं ते लेखी प्रश्नांचं. वेल्समध्ये किती शाळा, किती बेकार, किती रस्ते, किती खर्च? प्रश्नांवर प्रश्न, प्रश्नांवर प्रश्न! वेल्सचे वेगळे आकडे काढायची सवयच नसलेल्या खात्यांना उत्तरं द्यावी लागली. ती सगळी उत्तरं त्याने पुस्तिकांच्या रूपाने छापली आणि त्यांना नाव दिलं ‘कारमार्थेनचं काळं पुस्तक’. वेल्श भाषेतल्या एका अतिशय प्राचीन हस्तलिखिताचं हे नाव! आपल्या देशाचं दुखणं आकड्यांत मांडणारा हा माणूस मला इथे सर्वांत जवळचा वाटला. घोषणा कुणीही देईल. दिवसरात्र बसून तक्ते जमवणारे विरळा. १९६७मध्ये पहिला वेल्श भाषा कायदा आला. १९६८च्या सुरुवातीला व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या एका शांतता गटाबरोबर तो कंबोडियापर्यंत जाऊन आला. व्हिएतनामचा व्हिसा काही मिळाला नाही.

मग पुन्हा पराभव. १९७०मध्ये जागा गेली. फेब्रुवारी १९७४मध्ये पुन्हा उभा राहिला आणि हरला, किती मतांनी? तीन! तीन मतं! मोजणी पुन्हा पुन्हा झाली आणि तेवढाच फरक राहिला. एका टेबलाभोवती बसणाऱ्या माणसांहूनही कमी. मी तर कपाळावर हात मारून घेतला. त्याने मारला नसावा, कारण ऑक्टोबरमध्ये तो परत उभा राहिला आणि ३,६४० मतांनी निवडून आला. आता बरोबर दाविद विग्ली आणि दाविद एलिस थॉमस हे दोघे तरुणही होते. एकाचे तीन झाले होते.

आणि मग १९७९. या एका वर्षात काय काय कोसळावं! १ मार्चला, वेल्सच्या संत डेव्हिडच्या दिवशी, वेल्श विधानसभेसाठी सार्वमत झालं आणि पाचांपैकी चार मतं विरोधात गेली. ज्यासाठी आयुष्य वेचलं ते आपल्याच लोकांनी नाकारलं. मेमध्ये त्याची स्वतःची जागा गेली, थॅचरबाई सत्तेवर आल्या. सप्टेंबरमध्ये गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी जाहीर केलं की येऊ घातलेली चौथी टीव्ही वाहिनी वेल्समध्ये वेल्श भाषेला द्यायचं आश्वासन आता पाळलं जाणार नाही. वेल्श कार्यक्रम दोन वाहिन्यांवर इथेतिथे वाटून टाकायचे. आश्वासन खुद्द त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यातलं होतं!

वाहिनीचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. तर ऐका. त्या काळी घरोघरी मुलं टीव्हीसमोर बसायची आणि टीव्ही इंग्रजी बोलायचा. वेल्श कार्यक्रम असायचे ते अडनिड्या वेळी. ते लागले की इंग्रजी बोलणारे प्रेक्षक वैतागायचे, आणि वेल्श बोलणाऱ्यांना तेवढ्याने पुरायचं नाही. वेगळी वाहिनी दोघांच्याही सोयीची होती. १९११च्या जनगणनेत वेल्समधले साडेत्रेचाळीस टक्के लोक वेल्श बोलत होते. १९६१मध्ये ते २६ टक्क्यांवर आले. भाषा बैठकीच्या खोलीतून बाहेर चालली होती. ग्विनवोरने ते ओळखलं होतं.

लोक चिडले. दोन हजारांहून अधिक माणसांनी टीव्हीच्या परवान्याचं शुल्क भरणार नाही असं जाहीर केलं, काही तुरुंगातही गेली. ऑक्टोबर १९७९मध्ये तीन नामवंत विद्वान पेनकारेगच्या टीव्ही प्रक्षेपण केंद्रात शिरले आणि त्यांनी प्रक्षेपणच बंद केलं. एक धर्मशास्त्राचे पंडित, एक लोकगीतांचे अभ्यासक, एक साहित्याचे प्राध्यापक! सरकार तरीही ढिम्म. तेव्हा मे १९८०मध्ये ग्विनवोरने जाहीर केलं की ६ ऑक्टोबरपासून मी उपोषणाला बसेन, आणि सरकारने शब्द पाळला नाही तर मरेपर्यंत उठणार नाही.

उपोषण काय असतं ते आपल्याला सांगावं लागत नाही. लंडनला मात्र कळायला वेळ लागला. आधी वाटलं असेल, म्हातारा बोलतोय, बोलू दे. पण ज्यांनी ज्यांनी या माणसाला ओळखलं होतं ते सगळे सांगत होते, की हा बसला तर उठणार नाही. इथे आयुष्यभराची पुंजी कामाला आली. ३५ वर्षं ज्याने एकही शब्द फिरवला नाही, त्याची धमकी ही धमकी नसते, तारीख असते! उन्हाळाभर तो गावोगाव सभा घेत हिंडला. कार्डिफला दोन हजार माणसं जमली. इकडे सरकारचे सल्लागार घाबरू लागले, कारण हा मेला तर वेल्समध्ये शांततेचं राजकारणही त्याच्याबरोबर मरेल, हे त्यांना दिसत होतं. माजी मंत्री क्लेडविन ह्यूज, वेल्सचे आर्चबिशप जी. ओ. विल्यम्स आणि माजी वरिष्ठ प्रशासक गोरोनवी डॅनियल असे तीन ज्येष्ठ व्हाइटलॉंना भेटायला लंडनला गेले. १७ सप्टेंबर १९८०ला सरकारने निर्णय फिरवला. वाहिनी मिळाली!

याहून थरारक काय, तर पुढच्याच महिन्यात, १० ऑक्टोबरला, ब्रायटनच्या अधिवेशनात थॅचरबाईंनी आपण माघारी वळणाऱ्यांतल्या नाही असं जगाला ठणकावून सांगितलं. ते भाषण आजही दाखवतात. तीन आठवड्यांपूर्वी लंगाडोगच्या एका माणसाने त्यांना वळवलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतेय!

१ नोव्हेंबर १९८२ला ‘एस-फोर-सी’ सुरू झाली. आठवड्याला सुमारे २२ तास वेल्श, तेही लोक टीव्ही बघतात त्या वेळेत. तिच्यामुळे वेल्समध्ये निर्मितिसंस्था उभ्या राहिल्या, लेखक, ॲनिमेटर, तंत्रज्ञ, नट तयार झाले. ‘सुपरटेड’ हे कार्टून याच वाहिनीने काढलं. आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक असलेला ‘फायरमन सॅम’ याच वाहिनीसाठी बनला. ‘हेड विन’ हा तिच्यासाठी केलेला चित्रपट परदेशी भाषेच्या ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला, वेल्श भाषेतला पहिलाच. आणि आज वाहिनीचं मुख्यालय कुठे आहे माहीत आहे? कारमार्थेनला!

एका वाहिनीने भाषा तरली असं मी म्हणणार नाही. २०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के. आकडा घसरलेलाच आहे. पण आज तिथे सरकारचंच धोरण आहे, २०५०पर्यंत दहा लाख वेल्श भाषक. वेल्श माध्यमाच्या शाळा आहेत, रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत, कार्डिफमध्ये स्वतःची संसद आहे. मराठीचं काय होणार, यावर आपण तावातावाने बोलतो आणि चहा पिऊन घरी जातो. ग्विनवोरकडून मला मिळालं ते हे, की भाषेसाठी नेमकी वस्तू मागायची. अमुक अर्ज या भाषेत हवा. अमुक वाहिनीवर इतके तास हवेत. मागणी अशी हवी की ती पुरी झाली की नाही हे कुणालाही तपासता यावं. आणि मिळेपर्यंत त्याच दारात उभं राहायचं.

१८ सप्टेंबर १९९७ला वेल्समध्ये विधानसभेसाठी पुन्हा सार्वमत झालं. रात्रभर निकाल येत होते आणि ‘नको’ची बाजू पुढे होती. एकेक भाग जाहीर होत गेला. शेवटी एकच उरला आणि सगळं त्याच्यावर येऊन ठेपलं. तो भाग होता कारमार्थेनशायर! तिथले जवळजवळ दोनतृतीयांश मतदार ‘हवी’ म्हणाले आणि सगळ्या वेल्सचा निकाल फिरला. अकरा लाखांहून अधिक मतांत फरक अवघा ६,७२१चा. ग्विनवोर तेव्हा ८५ वर्षांचा होता. ज्या मुलखात त्याने टोमॅटो लावले, पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेत डोकं आपटलं, तिसरा आला, पहिला आला, तीन मतांनी हरला, त्याच मुलखाने त्याच्या देशाला विधिमंडळ दिलं. १९९९मध्ये ते सुरू झालं. ग्विनवोर २१ एप्रिल २००५ला गेला. ते चालू झालेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं.

त्याच्या पार्लमेंटच्या निवडणुकांचा हिशेब मांडला तर तोटाच दिसतो. दोन विजय आणि उरलेले सगळे पराभव. पण तो हरलेल्या प्रत्येक ठिकाणी काहीतरी पेरून गेला. मेरियनेथमध्ये तो पुन्हा पुन्हा हरला होता, तिथून १९७४मध्ये एलिस थॉमस निवडून आले. त्रवेरिनमध्ये तो हरला, आणि त्या बुडालेल्या गावाने नंतरच्या पिढ्यांना राजकारण शिकवलं. १९७९च्या सार्वमतात हरला नसता तर कदाचित त्या उपोषणाची वेळच आली नसती. निवडून येणं हे राजकारणाचं एक काम आहे, एकुलतं एक नव्हे, ही गोष्ट मी इतकी वर्षं पुस्तकी वाक्य म्हणून ऐकत होते. आता तिला नाव, गाव आणि तारखा मिळाल्या. आपल्याही तालुक्या-तालुक्यांत अनामत जप्त होऊनही दर वेळी उभी राहणारी, एकच मागणी वर्षानुवर्षं लावून धरणारी माणसं आहेत. त्यांच्याकडे आपण कीव येऊन बघतो. यापुढे मी त्यांच्या सभेला जाणार आहे, पहिल्या रांगेत बसणार आहे आणि त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकणार आहे.